पिऊन आलेला माणूस, सोबतचा हवालदार आणि कॅज्युअल्टी : तो नक्की कोणाच्या ताब्यात?

कॅज्युअल्टीकर

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांवर इथे बरेच धागे निघून गेलेत. प्रत्येक वेळी चर्चा नातेवाईक, बिलं आणि डॉक्टरांचा माज यांच्यापुढे सरकत नाही. मला वेगळ्या माणसाबद्दल बोलायचंय. दोन शिपाई ज्याला दंडाला धरून आत आणतात, जो स्वतःला कोणा ना कोणा पुढाऱ्याचा पुतण्या म्हणवतो, ज्याच्या तोंडाचा वास टेबलापलीकडून येतो आणि ज्याच्या डोक्याला टाके घालायचे असतात, तो.

मी एका उपजिल्हा रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. रात्री कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, मी, एक सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय). सिक्युरिटीवाला गेटवर, तोही पन्नाशी उलटलेला.

'पोलीस वेळेवर येत नाहीत' असं सगळे म्हणतात. पण या माणसाबरोबर पोलीस बहुतेक वेळा असतातच, कारण त्यांनीच त्याला आणलेलं असतं. हॉटेलात राडा केला, गाडी ठोकली, बायकोवर हात उचलला, शेजाऱ्याने ११२ ला फोन लावला. शिपाई यादी (तपासणीसाठी ठाण्याचं पत्र) टेबलावर ठेवतो, "साहेब, मेडिकल करून द्या" म्हणतो आणि त्याला माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवतो. तिथून पुढे तो कोणाचा, हे कुणालाच ठाऊक नसतं. पोलीस समजतात, दवाखान्यात दिला, आता डॉक्टरचा. मी समजतो, पोलिसांनी आणलाय म्हणजे त्यांचा. मधल्या मध्ये तो मोकळाच. मी रक्त काढायला वाकतो तेव्हा शिपाई व्हरांड्यात फोनवर असतो.

केरळात १० मे २०२३ ला पहाटे कोल्लम जिल्ह्यातल्या कोट्टारक्करा तालुका रुग्णालयात डॉ. वंदना दास या हाउस सर्जनचा (इंटर्न डॉक्टरचा) खून झाला. मारणाऱ्याला पोलिसांनीच ड्रेसिंगसाठी आणलं होतं. तो तेव्हा आरोपी नव्हता, त्यानेच पोलिसांना मदतीसाठी फोन केला होता. म्हणून हातात बेडी नाही. रुग्णालयातलीच सर्जिकल कात्री त्याच्या हाती लागली. पोलीस तिथेच होते. त्याच महिन्यात केरळने वटहुकूम काढून गंभीर दुखापतीची शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत नेला. नेला ते ठीकच. पण कात्री आणि माणूस यांच्यामध्ये कोणी उभं राहायचं, ते त्या कलमात येत नाही. इथे त्याबद्दल बोलूया.


फटकळ

एवढा विचार कशाला? व्हरांड्यातच दोन लावून द्यायच्या. चढलेली झटक्यात उतरते.


सोनचाफा

फटकळ, तुमच्या दोन खाल्लेला माणूस पंधरा मिनिटांनी माझ्याच टेबलावर येतो. मग कोणता वळ पोलिसांचा आणि कोणता आधीच्या मारामारीतला, हे एमएलसीच्या (पोलीस केसच्या) रजिस्टरात आम्ही निवडून लिहायचं. नको.

मी सिस्टर आहे, कॅज्युअल्टी आणि मेल सर्जिकल यातच नोकरी गेली. पिऊन आलेला एकटा माणूस सांभाळता येतो. शिव्या देतो, रडतो, आईची आठवण काढतो, शेवटी पाया पडतो. खरी भीती त्याच्याबरोबर आलेल्या सहा जणांची, त्यातही जो कमी प्यायलाय आणि मोबाइलवर शूटिंग करतोय त्याची. आणि मारामारीच्या केसची. दोन्ही पार्ट्या डोकी फोडून एकाच खोलीत, मध्ये फक्त एक हिरवा पडदा.

नव्या मुलींना मी शिकवते ते लिहिते, कोणाला उपयोगी पडलं तर पडलं. त्याच्याशी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी तोंड बंद. 'दादा' म्हणायचं, 'ए बेवड्या' कधीच नाही. ड्रेसिंगची ट्रॉली त्याच्या हाताच्या टप्प्यात आणायची नाही, लागेल ते एकेक वेगळ्या ट्रेमधून द्यायचं. गळ्यातलं आयकार्ड आणि स्टेथो काढून खिशात, कारण पहिला हात तिथेच येतो. आपली पाठ दाराकडे, म्हणजे निघायची वाट आपल्या मागे. आणि ग्लुकोमीटर आधी, उपदेश नंतर. साखर ४० वर आलेला माणूसही असाच बरळतो, घाम गाळतो, हात झटकतो. तो अजिबात प्यायलेला नसू शकतो.

शिपायाबद्दल एक. वर्दी दिसली की काही जण निवतात, काही जास्तच चवताळतात. त्यामुळे तो त्याच्या नजरेआड पण चार पावलांवर हवा. चार पावलांवर. पानटपरीवर नाही.


निवृत्त_खाकी

डॉक्टरसाहेब, सिस्टर, दोघांचं पटलं. आता पानटपरीवरची बाजू पण ऐका. मी एएसआय म्हणून रिटायर झालो, ग्रामीण हद्दीत जास्त नोकरी.

रात्री ठाण्यात माणसं किती असतात? ठाणे अंमलदार, वायरलेस, लॉकअप गार्ड, एक गाडी आणि तिचा ड्रायव्हर. बाकी बंदोबस्त, समन्स, साहेबांचा दौरा. मेडिकलला गेलेला शिपाई एकटाच असतो. त्याच्याकडे माणूस असतो, केसचे कागद असतात आणि दर दहा मिनिटांनी ठाण्यातून फोन, "झालं का?" व्हरांड्यात तो गप्पा मारत नसतो साहेब, शिव्या खात असतो.

दुसरं म्हणजे आमची भीती. पिऊन टाइट झालेला माणूस लॉकअपमध्ये टाकला आणि सकाळी उठला नाही तर? कोठडीतला मृत्यू. मॅजिस्ट्रेटची चौकशी लागते, २४ तासांत मानवी हक्क आयोगाला कळवायचं असतं. रात्रीचा गार्ड सस्पेंड होतो ते वेगळंच. म्हणून आम्ही त्याला तुमच्याकडे आणतो. तुम्ही पण शहाणे. तुमचा डॉक्टर लिहितो, 'निरीक्षणाखाली ठेवावे'. कुठे ठेवावे ते लिहीत नाही. वॉर्डात ठेवा म्हटलं तर बेड नाही म्हणतो, घेऊन जाऊ का म्हटलं तर 'तसं मी लेखी देणार नाही' म्हणतो. मग रात्रभर तो, मी आणि व्हरांड्यातलं बाकडं.

फटकळ यांना सांगतो, हात उचलणारे आमच्यात होते, आहेत. त्यांनी आमची कामं वाढवली, कमी नाही केली. आणि गडबड करणाऱ्याला पालथं पाडून पाठीवर गुडघा देऊन बसायची सवय काहींना असते. प्यायलेला माणूस त्यातच ओकतो आणि गुदमरतो. मी असताना तसं होऊ दिलं नाही.


काळा_डगला

दोघांच्या भांडणात कायद्याचं मत मागितलेलं नाही, तरी देतो. (सवय.)

कायद्याच्या नजरेत तो एकाच वेळी रुग्णही असतो आणि आरोपीही, आणि यातलं एक दुसऱ्याला खोडत नाही. उपचार आधी आणि पोलिसी सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. त्यामुळे 'आधी शुद्धीवर येऊ दे, मग बघतो' असं डॉक्टरला म्हणता येत नाही. पण उपचार चालू झाले म्हणून पोलिसांचा ताबा संपतो, असंही कुठे म्हटलेलं नाही. अटक केलेला माणूस दवाखान्याच्या खाटेवरही अटकेतच असतो.

गोची होते ती अटक न केलेल्याची. नुसतं पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घातला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ खाली जास्तीत जास्त २४ तास साधी कैद, किंवा हजार रुपये दंड, किंवा समाजसेवा. जुन्या भादंविच्या ५१० मध्ये हाच दंड दहा रुपये होता! आपल्याकडे त्याऐवजी महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम ८५ लावतात, ते ठाण्याला सवयीचं आहे. पण कित्येकदा शिपाई कोणतंच कलम न लावता माणूस घेऊन येतो. डॉक्टर, तुमच्या स्टुलावर बसलेला तो हाच.

बेडीबद्दल. प्रेमशंकर शुक्ला (१९८०) पासून सरसकट बेडी घालणं घटनाबाह्य आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३(३) ने काही प्रकारांत मुभा दिली: सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला, अमली पदार्थ वगैरे. हॉटेलात ग्लास फोडणारा त्या यादीत बसत नाही. तेव्हा 'बेडी का नाही घातली' म्हणून शिपायावर ओरडू नका. 'जवळ का नाही उभे राहिलात' म्हणून ओरडा.

हल्ला झालाच तर महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. रुग्णालय सरकारी असो की खासगी, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, मोडतोडीची दुप्पट भरपाई. बऱ्याच ठाण्यांत हा कायदा आठवण करून दिल्याशिवाय लावत नाहीत, साधी मारहाण लावून मोकळे होतात. सरकारी डॉक्टर असेल तर लोकसेवकावर हल्ल्याचं कलमही लागतं (जुनं ३५३, आता १३२).


कॅज्युअल्टीकर

वकीलसाहेब, आभार. 'कोणतंच कलम न लावता' हे अगदी बरोबर पकडलंत.

खाकीकाका, 'कुठे ठेवावे ते लिहीत नाही' हा टोमणा रास्त आहे. पण मी तसं का लिहितो तेही सांगतो. वास येणारा माणूस 'फिट' म्हणून कोठडीत पाठवताना माझ्या डोक्यात चार गोष्टी असतात. डोक्याला मार असेल तर सीटी स्कॅन लागेल, तो माझ्याकडे नाही. साखर मी तपासू शकतो. यकृत खराब झालेला जुना पिणारा असेल तर त्याची गुंगी दारूची की यकृताची, हे वासावरून कळत नाही. आणि चौथी गोष्ट पोलिसांना कोणी शिकवतच नाही. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो थरथरतो, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो, अंगावरचे नसलेले किडे झटकतो, कोणीतरी मारायला आलंय म्हणून धावतो. झटकेही येतात. कोठडीत याला 'नाटकं करतोय' म्हणतात. ते नाटक नाही, उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. जो पहिल्या रात्री ओरडत आणला होता त्याच्यापेक्षा हा तिसऱ्या दिवशीचा गप्प, घामाघूम माणूस मला जास्त घाबरवतो.

अशांना आम्ही लोरॅझेपाम (शांत करणारं औषध) देतो आणि ग्लुकोज लावायच्या आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व). लॉकअप गार्डने फक्त एवढं विचारावं: 'रोज पितोस का? शेवटची कधी घेतलीस?' आणि उत्तर स्टेशन डायरीत टाकावं. त्यावरून पुढचा डॉक्टर बरंच काही ओळखतो.


धाकटा

मी या धाग्यावर लिहावं की नाही, विचार करत होतो.

माझे वडील प्यायचे. गावात सगळ्यांना माहीत होतं. एकदा बसस्टँडवर पडलेले सापडले, पोलिसांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथे दोघांनीही, म्हणजे शिपायाने आणि डॉक्टरने, तोंडाचा वास घेतला आणि ठरवून टाकलं. सलाईन लावून कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवलं. ते मध्येच उठून ओरडत होते, म्हणून हात बँडेजने कॉटला बांधले. सकाळी मी पोचलो तेव्हा एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली. मेंदूत रक्त साकळलं होतं. पडताना डोकं आपटलं होतं, ते केसांत कुणाला दिसलंच नाही. पुढच्या शहरात ऑपरेशन झालं, वाचले, पण उजवा हात गेला.

दवाखान्याचं नाव घेत नाही, आता त्याचा उपयोग नाही. 'धिंगाणा' म्हणून त्यांनी जे बांधून ठेवलं, तो त्या रात्री त्यांच्याकडे असलेला एकमेव इशारा होता. तुम्ही सगळे चांगले लोक दिसता. पण धाग्याच्या नावात 'ताब्यात' लिहिलंय, ते वाचून थांबलो.


सोनचाफा

धाकटा, लिहिलंत ते बरं केलंत. बांधलेल्या पेशंटची बाहुली आणि नाडी पंधरा-पंधरा मिनिटांनी बघायची असते. बांधलं की सगळ्यांना वाटतं काम झालं. तिथेच घात होतो.


मालाडवाला

याला जोडून. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. मिथेनॉलचा (अशा दारूतल्या विषाचा) त्रास लगेच होत नाही, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. उलट्या, पोटात कळा, 'डोळ्यापुढे धुकं आलंय'. नेहमीच्या पिणाऱ्याच्या तोंडून हे ऐकलं की घरचे म्हणतात हँगओव्हर. पोलिसांनी असा माणूस आणला आणि तो 'दिसत नाही' म्हणाला, तर त्याला दारूडा म्हणून झोपवू नका. त्याच्याबरोबर अजून कोण कोण प्यायलं हे शिपायाने तिथल्या तिथे विचारावं, कारण ते घरी झोपलेले असतात.


थेम्सकाठी

इंग्लंडमधून. नर्स म्हणून ए अँड ई मध्ये (इथली कॅज्युअल्टी) काम केलंय, शुक्रवार-शनिवार रात्री म्हणजे इथलीही धुळवडच असते.

इथे २००८ च्या एका कायद्याने एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) आवारात कारण नसताना कर्मचाऱ्यांना त्रास देणं हा गुन्हा केलाय आणि अशाला बाहेर काढायचा अधिकारही दिलाय. पण त्यात एक अट घातलेली आहे: जो स्वतःच्या उपचारासाठी आलाय त्याला हे लागू नाही. उपचार घेऊन झाल्यावर किंवा दवाखान्याने ते नाकारल्यावर लागू. म्हणजे 'आधी रुग्ण' हे कायद्यातच लिहून ठेवलंय, डॉक्टरच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेलं नाही. हल्ला झाला तर २०१८ चा इमर्जन्सी वर्कर्सचा वेगळा कायदा आहे.

फार हरखून जाऊ नका मात्र. इथले पोलीस आता दवाखान्यातल्या मानसिक आजाराच्या कॉल्समधून अंग काढून घेताहेत. हंबरसाइड पोलिसांनी सुरुवात केली, २०२३ च्या शेवटी लंडनच्या मेट पोलिसांनीही 'योग्य माणसाला योग्य सेवा' अशा नावाने ते धोरण घेतलं. कारण तेच, खाकीकाका सांगतात ते: शिपाई तासन् तास कॉरिडॉरमध्ये बसून राहायचे. त्यांचे तास वाचले, पण ती रात्र आता नर्स आणि खासगी सिक्युरिटीवाल्यांच्या गळ्यात.


काळा_डगला

हे वाचून एक आठवलं. आपल्या मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्था घेतल्या आहेत. आणि कलम १०० म्हणतं की मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेला माणूस दिसला तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने त्याला संरक्षणाखाली घ्यावं, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं, आणि कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये ठेवू नये. डॉक्टर म्हणतात तो मुंग्या दिसणारा माणूस सरळ यात बसतो. नुसता चढलेला बसत नाही. पण शिपायाकडे 'अटक' आणि 'सोडून देणे' यांच्यामध्ये तिसरा मार्ग आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.


फटकळ

बरं बाबा, दोन फटके मागे घेतो. पण मग करायचं काय? राज्य सुरक्षा महामंडळाचे सुरक्षारक्षक आहेत ना आता दवाखान्यांत?


कॅज्युअल्टीकर

आहेत, मोठ्या ठिकाणी. मार्च २०१७ मध्ये धुळ्याला निवासी डॉक्टरला इतकं मारलं की डोळ्याला गंभीर इजा झाली, राज्यभर निवासी डॉक्टर कामावरून उठले, त्यानंतर मेडिकल कॉलेजांत महाराष्ट्र सुरक्षा बलाची माणसं वाढली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर मुलीवर बलात्कार आणि खून झाल्यानंतर केंद्राने सांगितलं की हल्ला झाल्यावर सहा तासांत संस्थाप्रमुखाने गुन्हा नोंदवायची जबाबदारी घ्यावी. हे सगळं मेडिकल कॉलेजांपुरतं. तालुक्यात गेटवर तेच काका आणि ठाणं गावाच्या दुसऱ्या टोकाला. पोलीस चौकी असलीच तर ओपीडीच्या बाजूला, रात्री कुलूप. ती कॅज्युअल्टीच्या दाराला लागून हवी, एवढं झालं तरी पुष्कळ.


सोनचाफा

चौकी कधी हलेल ते हलो. मला उद्याच्या नाइटला चालेल असं सांगा.


निवृत्त_खाकी

सांगतो. मेडिकलच्या यादीवर नाव, वय, पत्ता, गुन्हा नंबर आणि 'तपासून प्रमाणपत्र मिळावे' एवढंच असतं. त्यात दोन ओळी वाढवून घ्या. एक, 'सदर इसम अटकेत आहे / संरक्षणाखाली आहे / फक्त उपचारासाठी आणला आहे', यातलं नको ते खोडायचं. दोन, 'तपासणी पूर्ण होईपर्यंत अमुक बक्कल नंबरचा अंमलदार हजर राहील' आणि त्याची सही, वेळ टाकून. आमचा माणूस नुसत्या विनंतीला बधणार नाही. बक्कल नंबर लिहिला की मात्र तो बाहेर जाताना दोनदा विचार करतो. फोन आला तर ठाण्याला सांगायला त्याच्याकडेही कागद असतो: 'डॉक्टरने सही घेतलीय, निघता येत नाही.' त्याचीच सुटका.

बदल्यात तुम्ही पण लिहा. 'निरीक्षणाखाली ठेवावे' नको. 'इतक्या तासांसाठी वॉर्डात भरती' किंवा 'कोठडीत ठेवण्यास हरकत नाही, मात्र उलटी, झटके, गुंगी वाढल्यास तातडीने आणावे'. दोन्हींपैकी एक.


कॅज्युअल्टीकर

मान्य. माझ्या बाजूचं मी उद्यापासून लिहितो. यादीच्या दोन ओळींसाठी आमच्या रुग्णालयाच्या अधीक्षकांकडून ठाण्याला पत्र द्यावं लागेल. डोक्याचा मार बघितला का, साखर किती, शेवटची कधी घेतली, या तीन गोष्टी त्यात माझ्याकडून टाकतो, धाकटा यांच्यासाठी.


काळा_डगला

पत्रात २०१० च्या कायद्याचा उल्लेख असू द्या, आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांना प्रत.


निवृत्त_खाकी

आणि ते ठाणे अंमलदाराच्या हातात ठेवून येऊ नका, ड्रॉवरमध्ये जाईल. पीआय (पोलीस निरीक्षक) साहेबांच्या नावाने द्या, जावक नंबर टाकून. पोचेवर आवक शिक्का मारून घ्या. गणपतीच्या आधी द्या, नंतर दोन आठवडे कोणी कागद उघडत नाही.